एकेचाळीस ठिकाणी समाधानी

१

पाटीवाला सकाळी साडेनऊला ऑफिसात यायचा, खिडकी उघडायचा, किटलीचं बटण दाबायचा आणि पाणी उकळेपर्यंत आपली एकेचाळीस दुकानं बघून घ्यायचा. दुकानं म्हणजे खरीखुरी नव्हेत हो, इंटरनेटवरची. दातांचा डॉक्टर, गाद्यावाला, गाडी शिकवणारा, कुलूपवाला, कानाची मशिनं विकणारा, पावाची बेकरी, झालंच तर गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, रंग वेगळा, वरची पाटी वेगळी. बघणाऱ्याला वाटावं, एकेचाळीस माणसं एकेचाळीस ठिकाणी बसून राबताहेत. आणि आत बघावं तर एकच गोदाम. एकच यंत्रणा, एकच चावी, आणि एकच बाबा, तोही चहाची वाट बघत बसलेला.

"एकदाच बसवायचं," नव्या गिऱ्हाइकाला तो ऐटीत सांगायचा, "आणि हव्या तेवढ्या पाट्या लावायच्या. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. आहे की नाही गंमत?"

म्हणून तर त्याला सगळे पाटीवाला म्हणायचे. त्याची आईसुद्धा.

घरात ही दोघंच, आई आणि पाटीवाला. आईचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. दुपारी टॅबलेट मांडीवर घेऊन ती लेकाची दुकानं बघत बसायची. दात नको, गाद्या नकोत, तिला खालच्या चौकटीतला अभिप्राय वाचायला आवडायचा. तिथे एका बाईचा फोटो होता. एकेचाळीस ठिकाणी तीच बाई.

"केवढी हौशी बाई आहे रे ही!" आई म्हणायची. "दात काय बसवते, गाडी काय शिकते, पाव काय आणते. आणि मी बघ, खुर्चीतून उठायचं तर आधी देवाला हाक मारते. त्या आश्रमात राहते म्हणून हौस टिकली असेल. मलाही तिथेच नेऊन ठेव."

"तिथे नाही जायचं, आई."

"बरं बाबा, नाही जायचं. मला काय, तुझ्या तोंडून 'जा' आलं की जाईन, 'नको' आलं की बसेन. तुझ्या शब्दाबाहेर गेलेय का कधी?"

तो हसायचा. आईवाचून त्याचं पान हलत नव्हतं, पण हे काय तोंडाने सांगायचं असतं?

तर त्या मंगळवारी पाणी उकळलं, किटलीचं बटण टक्कन उडालं, तरी पाटीवाला जागचा हलला नाही. चौकटीतली बाई नेहमी ओठ मिटून हसायची. आज तिच्या ओठांमध्ये एक काळी रेघ होती. दोऱ्याएवढी. बघितली तर आहे, नाही बघितली तर नाही.

२

ती बाई म्हणजे मावशी. ऑफिसची झाडलोट करणारी. दहाला बादली घेऊन यायची आणि अकराला जायची.

तीन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरच्या साइटला एक खूश पेशंट हवा होता. मावशी खिडकी पुसत होती, उजेड छान पडला होता.

"मावशी, इकडे बघा. हसा जरा."

"अहो दादा, माझा पुढचा दात नाही."

"मग तोंड मिटून हसा."

म्हणजे बघा, दातांच्या डॉक्टरची जाहिरात, आणि तिच्यात दात पडलेली बाई तोंड मिटून! पण फोटो झकास आला. खाली मजकूर पाटीवाल्यानेच रचला, पाच वाक्यांचा. *अतिशय समाधानी आहे. माणसं फार प्रेमळ. घरच्यासारखंच वाटतं. निर्धास्त होऊन या. सगळ्यांना आवर्जून सांगेन.* मग गाद्यावाला आला, त्याला कुठे नवा फोटो शोधत बसायचा? तीच चौकट तिथे. कुलूपवाल्याला तीच. कुलूप बसवून घेतलं आणि घरच्यासारखंच वाटलं, आता याला काय म्हणावं! खाली फक्त ओळख बदलायची. कुठे निवृत्त शिक्षिका, कुठे दोन लेकरांची आई, तर आश्रमाच्या पानावर "चार वर्षं इथेच राहते आहे."

मावशीला याचा पत्ताच नव्हता. पत्ता लागला तो असा.

मावशीला एक थोरली बहीण होती, दुसऱ्या गावात. दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं होतं ते दोघींनाही धड आठवत नव्हतं, पण फुगून बसायला कारण आठवावं लागतं थोडंच? एक दिवस शेजारच्या मुलीने थोरलीला फोनवर काहीतरी दाखवलं आणि थोरली ओरडली, "अगं, ही तर आमची धाकटी! आश्रमात राहतेय? एकटी?" रात्रभर रडली म्हणे. सकाळी खोली सोडली, बोचकं बांधलं. फोन नाही, निरोप नाही. "समोर जाऊनच उभी राहते. मग कुठे तोंड फिरवेल?"

आश्रमात तिने बहिणीला विचारलं. तिथल्या बाईला कामाची घाई, म्हातारीशी कोण डोकं लावणार? "आज बाहेर गेल्यात," ती म्हणाली. "बसा, येतील."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. थोरली दारापाशी, फटीतून वारा येणाऱ्या खिडकीशी, खुर्ची टाकून बसली. अख्खी थंडी बसली. वर खाटेवर चला म्हटलं तर म्हणायची, "नको, ती आली आणि मी दिसले नाही तर?" थंडी सरता सरता छाती भरली आणि थोरली गेली. तिच्या बोचक्यात धाकटीचा पत्ता निघाला. आश्रमाने त्या पत्त्यावर चपला आणि चष्मा पाठवून दिला.

त्या चपला मावशीने पाटीवाल्याच्या टेबलावर ठेवल्या. करड्या रंगाच्या, टाचेला झिजलेल्या. बोलायला लागली तर आवाज अगदी साधा.

"दादा, तिथून माझं तोंड काढा. बाकी ठिकाणी राहू दे. दातवाल्याकडे राहू दे, गादीवाल्याकडे राहू दे. तेवढ्या एका ठिकाणचं काढा."

काम अर्ध्या तासाचं होतं, जास्त नाही. ती एक चौकट बाकीच्यांपासून सोडवायची, बस्स. पण त्या दिवशी बेकरीवाल्याला नवा रंग लावून द्यायचा होता, आणि मावशीचं काम काय, उद्या केलं तरी चालतं, परवा केलं तरी चालतं.

"तसं होत नाही, मावशी. सगळं एकातच आहे. एका ठिकाणी काही केलं की सगळीकडे होतं."

"एका ठिकाणी केलं की सगळीकडे होतं?"

"हो."

"नक्की?"

"अहो, हो म्हटलं ना."

मावशीने मान हलवली. "आणि माझ्या तोंडचं ते बोलणं कुणी लिहिलं?"

"मीच. पाच वाक्यं तर आहेत."

"पाच," मावशी म्हणाली.

मग तिने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि त्याचा स्क्रीन पुसायला घेतला. गोल गोल, सावकाश, स्वतःच्याच चेहऱ्यावरून. "मावशी, ओलं नका लावू," तो म्हणाला, तर तिला ऐकूच गेलं नाही जसं. पुसून झाल्यावर ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली, चपला उचलल्या आणि गेली. जाताना हसली. तोंड मिटून, फोटोतल्यासारखी.

या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. परत आली नाही. ऑफिसात डिझाइन करणारी मुलगी एकदा तिच्या खोलीवर जाऊन आली, तर दाराला कुलूप. पिशवी घेऊन गेली म्हणाले, कुठे ते कुणाला माहीत नाही.

३

"तुला आठवतं का," त्या मंगळवारी पाटीवाल्याने डिझाइनवालीला विचारलं, "मावशीचं तोंड फोटोत उघडं होतं का?"

"मिटलेलं होतं, सर. दातासाठी मिटवलं होतं ना."

"मग हे बघ."

ती खुर्ची सरकवून आली. "अय्या. हे कुणी केलं?"

"कुणी कशाला करेल? फोटो लहानमोठा होताना सावली गडद होते कधी कधी. नाहीतर स्क्रीनचा दोष. ओलं फडकं फिरवलं होतं तिने."

"माझ्या स्क्रीनवर पण आहे, सर. आणि माझ्या फोनवरसुद्धा."

पाटीवाला शिकलेला माणूस, घाबरणार कसा? त्याने कपाटातली जुनी डिस्क काढली, तीन वर्षांपूर्वीचा मूळ फोटो शोधला आणि गोदामात जुन्याच्या जागी चढवला. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. बदललं. एकेचाळीस ठिकाणी मावशी ओठ गच्च मिटून हसली.

"झालं," तो म्हणाला आणि चहा ओतून घेतला.

चहा अर्धा झाला नसेल. रेघ परत आली होती, आणि आता दोऱ्याएवढी राहिली नव्हती. आत पडलेल्या दाताची खाच दिसायला लागली होती.

बुधवारी खाच पुरती दिसली. गुरुवारी जीभ. माणूस 'अ' म्हणायला तोंड उघडतो ना, तेवढं उघडलं होतं. डोळे तेच, खिडकीचा उजेड तोच. फोटोची तारीख तीन वर्षांपूर्वीची, फाइलचं वजनही रेसभर वाढलेलं नाही. पाटीवाला नाक काचेला टेकवून बघत बसायचा आणि पाठीमागे डिझाइनवाली आपलं सामान भरून लवकर घरी जायची.

स्क्रीनला ओल्या फडक्याचा वास येत होता. मुलगी म्हणाली, तिला येत नाही.

४

शुक्रवारी अकराला पहिला फोन दातांच्या डॉक्टरचा.

"पाटीवाल्या, शुद्धीवर आहेस का? काय लिहून ठेवलंयस ते वाच."

पाटीवाल्याने वाचलं. *मी इथे कधी आले नाही. माझा दात अजून पडलेलाच आहे.*

"कुणीतरी चावटपणा केलाय, डॉक्टर. आत्ता काढतो."

फोन ठेवतो न ठेवतो तोच गाद्यावाला. तिथे होतं, *मी जमिनीवर झोपते.* बेकरीवाल्याकडे, *पाव मऊ आहे. दात नसला तरी चालतो.* बेकरीवाल्याला ते आवडलं होतं उलट, राहू दे म्हणत होता. पाटीवाला ओशाळून हसला. म्हातारीने जाता जाता कुणाला तरी हाताशी धरून सूड उगवलाय, त्याने मनाशी म्हटलं. कुणीतरी पोरगं असेल ओळखीचं. किल्ली टेबलावर ठेवली, पण तिची दुसरी करून घेतली असेल. कारण सापडलं की माणसाला किती बरं वाटतं! खुर्चीत रेलून तो पुढची पानं बघायला लागला.

कानाच्या मशिनवाल्याकडे: *मला नीट ऐकू येतं. दादा काय म्हणाले ते ऐकलं.*

गाडी शिकवणाऱ्याकडे: *गाडी मला येत नाही. पायी निघाले आहे.*

कुलूपवाल्याकडे: *कुलूप चांगलं आहे. मी आत आहे.*

आता त्याचं हसू थांबलं. वृद्धाश्रमाचं पान त्याने शेवटी उघडलं. उघडू नये असं वाटत होतं, आणि हात आपोआप गेला. तिथे चौकटीत मावशी नव्हती. नुसती खिडकी होती, उजेड होता, जागा मोकळी. खाली ओळ होती:

*आज बाहेर गेले आहे. बसा, येईन.*

यंत्रणेत एक वही असते, कोणी काय केव्हा बदललं ते तिच्यात आपोआप लिहिलं जातं. त्याने ती काढली. एकेचाळीस बदल, सगळे एकाच मिनिटाला, त्याच सकाळी नऊ एकतीसला. बदलणाऱ्याच्या जागी त्याचंच खातं. नऊ एकतीसला तो खिडकीशी उभा होता, हातात रिकामी किटली घेऊन. शपथेवर सांगायला तयार होता. पण कुणाला सांगणार?

५

डिझाइनवाली त्या दिवशी आली नव्हती. पाटीवाल्याने दार आतून लावलं, मग कुलूपवाल्याच्या पानावरची ओळ आठवली आणि उघडून ठेवलं. भर दुपार. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"मुळावरच घाव घालतो," तो मोठ्याने म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून जरा धीर आला.

चौकटच काढून टाकायची. फोटोसकट, पाच वाक्यांसकट. यंत्रणेने नेहमीप्रमाणे विचारलं: *हा मजकूर एकेचाळीस ठिकाणी वापरात आहे. सगळीकडे लागू करायचं?*

तीन आठवड्यांपूर्वी एका ठिकाणचं काढायला याच्याकडे अर्धा तास नव्हता. आता एकेचाळीस ठिकाणचं काढायला एक टिचकी.

त्याने 'हो' दाबलं.

मावशी गेली. एक एक पान उघडून बघितलं, दात नुसते दात, गाद्या नुसत्या गाद्या. त्याने मोठा श्वास सोडला, उठून तोंड धुतलं, येऊन बसला. सवयीने वर कोपऱ्यातल्या आकड्याकडे नजर गेली, किती पाट्या चालू आहेत तो दाखवणाऱ्या.

बेचाळीस.

बेचाळिसावी पाटी त्याने लावलेली नव्हती. तिला नाव नव्हतं, पत्त्याच्या जागी कोरं. उघडली. एकच फोटो. खिडकी, खिडकीशी लाकडी खुर्ची, खुर्चीखाली चपला. करड्या, टाचेला झिजलेल्या. खिडकीच्या काचेवर ओल्या फडक्याचे गोल गोल पट्टे, अजून न वाळलेले.

खाली लिहिलं होतं, *जागा राखून ठेवली आहे.*

पाटीवाल्याने फोन हातात घेतला. खुर्ची कुणासाठी, हे त्याला लगेच कळलं. घरी अशाच खुर्चीत, अशाच खिडकीशी, मांडीवर टॅबलेट घेऊन त्याची आई बसलेली असणार. निदान त्याला तरी कळलंय असं वाटलं.

६

त्याने घरी फोन लावला. म्हणायचं होतं, आई, कुणी आलं तर दार उघडू नकोस. कुणी म्हणजे कुणीही.

"आई," तो म्हणाला, "माणसं फार प्रेमळ."

"कुठली रे?"

त्याने जीभ चावली. परत तोंड उघडलं. आई, आश्रमाचं नाव काढू नकोस.

"घरच्यासारखंच वाटतं."

"आश्रम म्हणतोयस?" आईचा आवाज फुलला. "अरे, मी आत्ता तेच वाचत होते. तुझा फोटो लावलायस ना तिथे? माझ्या मनात आलं, हा इतकी वर्षं नको नको म्हणत होता आणि आज स्वतःच लिहितोय. बघून आलास वाटतं?"

"अतिशय समाधानी आहे," पाटीवाला म्हणाला, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. फोन टेबलावर पडला. त्यातून आई बोलतच होती, "मग आधी नाही का सांगायचं, वेड्या..." आणि फोन बंद झाला.

जिभेवर काही नव्हतं. घशात काही नव्हतं. मनात शब्द नीट जुळत होते, 'नको', 'थांब', 'आई'. ओठांपाशी आले की जागेवर दुसराच शब्द बसलेला. एक ते शंभर मोजून बघावं म्हणून त्याने 'एक' म्हटलं, तर "निर्धास्त होऊन या" असं बाहेर पडलं, अगदी गोड आवाजात.

त्याने कागद ओढला. हाताने लिहिलं, *सगळ्यांना आवर्जून सांगेन.* अक्षर त्याचंच.

दार वाजलं आणि तो ओरडलाच असता, पण ती डिझाइनवाली होती. विसरलेली छत्री न्यायला आलेली. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि हसायलाच लागली.

"सर! स्वतःचाच फोटो? सगळीकडे? दातवाल्याकडे तुम्ही, गादीवाल्याकडे तुम्ही. आता मला कानाचं मशीन लावून दाखवा!" मग जवळ येऊन बघितलं. "पण छान आलाय हो. कधी काढलात? शर्ट तर आजचाच आहे."

पाटीवाल्याने बघितलं. चौकटी परत आल्या होत्या आणि सगळ्यांत तो होता. आजचा शर्ट, तोंड धुताना भिजलेली कॉलर. समोरून काढलेला फोटो. समोर, म्हणजे जिथे नुसता स्क्रीन होता तिथून. ओठ गच्च मिटून तो हसत होता.

"सर, बरं आहे ना?"

"अतिशय समाधानी आहे," तो म्हणाला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मुलगी छत्री न घेताच मागे मागे सरकत गेली.

७

घर पंधरा मिनिटांवर. तो पळतच गेला. माणसं वाट सोडत होती, एकाने विचारलं काय झालं, त्याला याने पळता पळता सांगितलं की माणसं फार प्रेमळ.

दारात पांढरी गाडी उभी होती. आई ठेवणीतले कपडे घालून, पायरीवर काठी टेकून, बॅग बाजूला ठेवून तयार. गुडघ्यांना आज काय झालं होतं कोण जाणे, तरतरीत दिसत होती.

"आलास का? बरं झालं. तुला भेटल्याशिवाय कशी गेले असते? जेवण झाकून ठेवलंय. गरम करून खा, नाहीतर गिळशील तसंच."

त्याने तिचा हात धरला. मान हलवली, नको, नको. ती हसली.

"काय रे हे, लहानपणी शाळेत जाताना करायचास तसं! मी काय परदेशी चाललेय? एकदा तोंडाने नीट सांग बघू. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. जाऊ का?"

झालं, यावरच सगळं होतं. एक शब्द. 'नको' म्हणायला किती लागतं? दोन ओठ आणि थोडा वारा. त्याने सगळा जीव ओठांत आणला, मानेच्या शिरा फुगल्या, काळीज बाहेर पडतंय असं झालं.

"निर्धास्त होऊन या," तो म्हणाला.

"बस्स," आई म्हणाली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "एवढंच हवं होतं."

ती गाडीत बसली. तो मागे धावला, दाराची मूठ धरली, मूठ फिरेना. काच वर होती आणि आतून ओली होती. काचेवर आतल्या बाजूने एक फडकं फिरत होतं. गोल गोल, सावकाश. फडकं सरकलं तिथे काच साफ झाली, आणि तेवढ्या साफ गोलातून त्याला एक तोंड दिसलं. नुसतं तोंड. ते मिटलेलं नव्हतं. चांगलं मोकळं हसत होतं, पुढच्या दाताच्या खाचेसकट.

"या आहेत ना सोबतीला," पलीकडून आईचा आवाज आला. "तुझ्याकडेच कामाला होत्या म्हणे. बोलायला गोड आहेत हो."

गाडी गेली.

८

आश्रम गावाबाहेर होता. पोचेपर्यंत उन्हं कलायला लागली होती. व्हरांडा, गुळगुळीत फरशी, औषधाचा वास, आत कुठेतरी भांडी पडल्याचा आवाज. टेबलाशी एक बाई काहीतरी लिहीत होती. पाटीवाल्याला बोलून उपयोग नव्हता हे कळलं होतं. त्याने फोनवर आईचा फोटो उघडला आणि तिच्यासमोर धरला.

बाईने वर बघितलंसुद्धा नाही. "आज बाहेर गेल्यात," ती म्हणाली. "बसा, येतील."

दारापाशी, फटीतून वारा येणाऱ्या खिडकीशी, एक लाकडी खुर्ची होती. रिकामी. खाली चपला. काचेवरचे पट्टे अजून ओले होते.

पाटीवाला तिच्याकडे बघत उभा राहिला. आणि आता कळलं त्याला, की ही खुर्ची आईची कधीच नव्हती.

तो बसला. जाऊन शोधायचं कुठे? आणि गेला, तेवढ्यात ती आली, आणि हा दिसला नाही तर?

दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने फोन काढून आश्रमाचं पान उघडलं. त्याचा फोटो बाकी चाळीस ठिकाणी होता, इथे आता नव्हता, निदान त्याच्या फोनवर तरी. इथल्या चौकटीत तीन बायका होत्या, कुठल्यातरी उन्हाच्या अंगणात, हातात कप. कडेला मावशी. दुसऱ्या कडेला तिच्याच तोंडवळ्याची, तिच्याहून थोरली, डोळ्याला चष्मा. दोघी एकमेकींकडे वाकून, अकरा वर्षांचं एका दमात बोलत असल्यासारख्या. आणि मधे त्याची आई, मान मागे टाकून खदखदून हसणारी. गुडघ्यांचं तर नावच नाही, मांडी घालून बसली होती.

खाली एकही ओळ लिहिलेली नव्हती. त्यांचं त्या बोलत होत्या, त्यांना लिहून द्यायला कुणी लागत नव्हतं.

त्याने फोटो मोठा केला, अंगण ओळखू येतंय का बघायला. मागे एक भिंत, भिंतीला दार, दाराला कुलूप. चांगलं कुलूप.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी पडायला लागली. एका सकाळी म्हातारा नवरा-बायको आश्रम बघायला आले. म्हातारी दाराशीच अडखळली. तिला जागा आवडली नव्हती, वास आवडला नव्हता, ती नवऱ्याची बाही ओढत होती. "चला ना हो घरी. मला नाही बरं वाटत इथे."

"थांब गं, विचारू तर दे कुणाला." म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिडकीशी बसलेल्या माणसाकडे आला. "काय हो, तुम्ही इथलेच ना? खरं सांगा, कसं आहे इथे?"

पाटीवाल्याने त्या म्हातारीकडे बघितलं. पळा, त्याच्या मनात आलं. हात धरा एकमेकांचे आणि पळा. आयुष्यात एकदाही कुणासाठी एवढं कळकळीने काही म्हणावंसं वाटलं नव्हतं त्याला. काचेवर बाहेरून फडकं फिरायला लागलं. त्याने तोंड उघडलं.

पाचही वाक्यं आली. ओळीने, न अडखळता.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "ऐकलंस ना?" तो बायकोला म्हणाला. "साइटवर छापलंय ना, शब्दाला शब्द तसंच बोलतोय माणूस."